वाकलं की गाणं उतरतं

शनिवार, १५ नोव्हेंबर
मावशीच्या घरून

तीर्थरूप काकांस,

फुमिकाचा नमस्कार. पत्राची सुरुवात ऋतूपासून करायची असते, म्हणून आधी तो: परवा डोंगरावर पहिला बर्फ पडला. चार सेंटिमीटर होता, दुपारपर्यंत वितळला. मावशीच्या परसातल्या मुळ्यांना काही झालं नाही. (मुळे यंदा बारीक आहेत. तुम्ही गेल्यापासून त्यांना खत कुणी घातलं नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण म्हणून लिहिते.) तुमचा उजवा गुडघा शिडी चढताना दुखतो का, आणि वरचा रक्तदाब किती असतो, ते कळवावं. "बरा आहे" असं लिहू नये, आकडा लिहावा. आओमोरीला तुमच्या थोरल्या भावांच्या बागेतली सफरचंदं आता उतरवून संपली असतील असा माझा अंदाज आहे. पाठवलेली पेटी मिळाली. तेवीस निघाली, त्यांतली दोन दबलेली. चव चांगली आहे. मावशीनेही खाल्ली. ती कुठून आली हे तिने विचारलं नाही. पेटीवर तुमचं अक्षर असल्यामुळे विचारायची गरजही नव्हती.

हे पत्र म्हणजे एक अहवाल आहे. तुम्ही गेल्यावर मावशीच्या गाण्याच्या कार्यक्रमातल्या मुद्रित साथीच्या ट्रॅकची काय व्यवस्था केली, ती गुरुवारी हागिनोया हॉटेलात कशी चालली, आणि कुठे चालली नाही, हे तुम्हाला कळावं एवढाच हेतू आहे. सव्वीस वर्षं ते काम तुम्ही केलंत, तेव्हा कळवणं रीतीला धरून होईल असं मला वाटलं.

जूनमध्ये जे झालं त्यावर मी मत देणार नाही. वस्तुस्थिती तेवढी नोंदवते. हॉटेलातल्या एका पाहुण्याने फोनवर टिपलेलं मावशीचं "शेवटची बोट" हे गाणं तिला पाठवलं. ते ऐकताना तिला वाटलं, तिसऱ्या कडव्यात "थांब" हा उंच सूर येतो तिथे ट्रॅकमधले वाजवणारे एकदम पुढे येतात. तिने मला तपासायला सांगितलं. तुम्हीच तारखांनिशी कपाटात लावून ठेवलेली चव्वेचाळीस ध्वनिमुद्रणं मी तपासली. त्यांतल्या एकेचाळिसांत, गेली चार वर्षं, नेमक्या त्या सुरावर ट्रॅक तीन डेसिबलने वर गेलेला होता. मी आलेख काढला आणि तिला दिला. तिने तो जेवणाच्या टेबलावर तुमच्या वाटीशेजारी ठेवला. तुम्ही म्हणालात, "झाकत नव्हतो, आधार देत होतो." ती म्हणाली, "आधार जिना चढणाऱ्यांना देतात." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी भरलीत. (मोजमाप बरोबर होतं. त्याबद्दल मी एवढंच लिहू शकते.) तेव्हापासून मावशी तुमचा उल्लेख "तो माणूस" असा करते आणि दिवसातून पाचसहा वेळा करते.

बाकीची दोन हॉटेलं बंद झाली हे तुम्हाला माहीत आहेच. उरलं हागिनोया. तिथले व्यवस्थापक निइकुरासाहेब ऑक्टोबरात म्हणाले, गुरुवारी तेराला दुपारी दीड वाजता एक कार्यक्रम करून दाखवा. नीट झाला तर डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आठवड्याला तीन, नाहीतर त्या दालनात पाहुण्यांसाठी कॅराओके बसवतो. पाहुण्यांना स्वतः गायला आवडतं, आणि काही चुकलं तर ते हॉटेलवर रागावत नाहीत, असंही ते म्हणाले. मावशी एकसष्टची आहे. हागिनोया गेलं तर तिला गायला न्हाणीघर उरतं. हे तिनेच मला सांगितलं, भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.

तेव्हा ट्रॅक कुणीतरी, किंवा कशानेतरी, सांभाळायला हवा होता. आधी पायाने दाबायची कळ आणली. किमोनोच्या घेराखाली पायाने कळ शोधणं म्हणजे अंधारात दुसऱ्याची चप्पल शोधणं आहे. मावशीने पहिल्या दिवशी कळीऐवजी फुलदाणी दाबली. शिवाय गाण्याच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात ती खाली उतरून पहिल्या रांगेशी हात मिळवते, तेव्हा कळ वर मंचावरच राहते. तो तुकडा बावीस सेकंदांचा. रांगेत सोळा आज्या, एका आजीला सरासरी चार सेकंद. हे गणित सुटत नाही. तुम्ही ते कसं सोडवत होतात हे शोधायला मला दोन रविवार लागले: दोन यंत्रांवर तोच तुकडा ठेवून एक संपत आला की दुसरा हळूच वर आणायचा, आणि मावशीचं पाऊल पायरीवर पडलं की कडव्यात शिरायचं. तुमचा जोड मला सात वेळा ऐकूनही सापडला नाही. शेवटी पडद्यावर लहरींची आकृती काढली तेव्हा दिसला. (हेही वस्तुस्थिती म्हणूनच लिहिते.) मग अंगठीत कळ बसवली. ज्येष्ठांच्या मंडळात सराव ठेवला होता, तिथे एका आजींनी मावशीचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि वियोगाच्या गाण्याच्या ऐन मध्यात लग्नाचं गाणं सुरू झालं. आजींनी हात आणखी घट्ट धरला. लग्न दोनदा लागलं.

तेव्हा मी कामावर जे करते तेच वापरायचं ठरवलं. आमच्या कारखान्यात खोदकामाच्या यंत्रांसाठी कल मोजणारे सेन्सर बनतात, यंत्र किती वाकलं की कलंडेल हे ते आधी सांगतात. मावशी प्रत्येक गाण्याआधी, गाण्यानंतर, आणि खाली उतरताना-चढताना खोल वाकून नमस्कार करते. म्हणजे ट्रॅक जिथे खाली किंवा वर न्यायचा, नेमकी तिथेच ती वाकते. आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाकायचं शिकवतात तेच कोन घेतले: वाटेत भेटलेल्याला पंधरा अंश, गिऱ्हाइकाला तीस, माफीला किंवा मोठ्या उपकाराला पंचेचाळीस. जुन्या चित्रफितींवरून मावशीचे नमस्कार मोजले. सरासरी सत्तेचाळीस भरली. मी मर्यादा चाळिसावर ठेवली. नियम एकच: चाळीसहून जास्त वाकलं की ट्रॅक चार सेकंदांत हळूहळू उतरतो आणि मधला तुकडा मंदपणे फिरत राहतो, पुन्हा वाकलं की चार सेकंदांत चढतो आणि गाणं पुढे सरकतं. सेन्सर किमोनोच्या कमरपट्ट्यात बसवायचा होता.

मावशी म्हणाली, "म्हणजे माझ्या कमरेला तू खणायचं यंत्र बांधणार."

मी म्हटलं, "फक्त सेन्सर. अठरा ग्रॅमचा आहे. तो बारा टनांच्या यंत्रावर चालतो."

"बांध. नाहीतरी पट्टा मला श्वास घेऊ देत नाही. त्यात आणखी एक भाडेकरू." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ह्याला माझा आवाज ऐकू येतो का?"

"नाही. फक्त कोन कळतो."

"मग ठीक. त्या माणसाला फार ऐकू यायचं."

घरी तीस वेळा चाचणी घेतली. तीसही वेळा बरोबर आली. चढ-उतार इतका एकसारखा होता की मावशी स्वतःहून म्हणाली, लोण्यासारखा आहे. चाचणीत एक त्रुटी राहिली, ती नंतर लक्षात आली: समोरून वाकणारं कुणी नव्हतं.

गुरुवारी मी रजा घेतली. (अर्जात कारण "उपकरणाची चाचणी" असं लिहिलं, ते खरंच होतं.) दालनात त्रेसष्ट पाहुणे होते, सगळे आंघोळ करून हॉटेलच्या सुती झग्यांत, पुढ्यात जेवणाची ताटं. मी बाजूला तुमच्या टेबलाशी बसले होते, आवाजाचा मिक्सर समोर होता, पण हात मांडीवर ठेवले होते, कारण करण्यासारखं काही नव्हतं. पहिली दोन गाणी निर्दोष झाली. निइकुरासाहेब दारातून बघून मान हलवून गेले. तिसरं "शेवटची बोट". पहिलं कडवं संपलं, मावशी वाकली, ट्रॅक उतरला, ती खाली उतरून हात मिळवायला लागली. हात मिळवताना ती पंधरा-वीस अंशांच्या पुढे जात नाही. दहा आज्यांपर्यंत सगळं हिशेबात होतं.

अकराव्या होत्या ओबानाई आजी. वय एक्याऐंशी. मुलींच्या शाळेत शिष्टाचार शिकवून निवृत्त झालेल्या. (हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं असतं.) त्यांनी उभं राहून, स्वतःच्या अंगणातल्या वाळवलेल्या पर्सिमन फळांची पिशवी मावशीच्या हातात दिली आणि त्या वाकल्या. असं वाकणं मी फक्त आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. आता वीस वर्षांनी मोठी बाई समोर इतकी वाकल्यावर मावशीला तिच्याहून कमी वाकणं शक्य नव्हतं, आणि तिच्या आधी सरळ होणंही शक्य नव्हतं. यंत्रातली नोंद अशी आहे: एक वाजून चव्वेचाळीस मिनिटं एकतीस सेकंद, शेहेचाळीस अंश, वर. ट्रॅक अगदी लोण्यासारखा चढला आणि दुसरं कडवं सुरू झालं. गायिका खाली, हातात फळं. मावशी दचकली आणि आजींना म्हणाली, माफ करा हं, आणि माफी मागताना वाकली. शेहेचाळिसाव्या सेकंदाला, अठ्ठेचाळीस अंश, खाली. आजींना वाटलं हा नमस्कार आपल्याला आहे, परत करायला हवा. त्या वाकल्या. मावशी वाकली. वर. आजींनी आपल्यामुळे खोळंबा झाला म्हणून माफी मागितली. मावशी म्हणाली छे छे, आणि वाकली. खाली.

मागच्या रांगेत दोन गृहस्थ गरम साकेचे पेले घेत बसले होते. एक म्हणाला, "ऐकलंस का? लाटा केल्यात."

दुसरा म्हणाला, "बोटीचं गाणं ना. बोट हलतेय."

"मागच्या साली नव्हतं हे. खर्च केलाय."

"मला तर मळमळायला लागलं."

"मग बरोबर जमलंय."

सहाव्या लाटेला निइकुरासाहेब आत आले. काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं, पण माफी मागायला ते माहीत असावं लागत नाही. ते मावशीशेजारी उभे राहिले आणि पाहुण्यांकडे तोंड करून पंचेचाळीस अंशांत वाकले. हॉटेलचा व्यवस्थापक वाकलेला असताना गायिका उभी कशी राहील? तीही वाकली. ट्रॅक पूर्ण आवाजात वर आला. निइकुरासाहेबांनी दचकून त्याबद्दलही माफी मागितली. मावशीने साथ दिली. ट्रॅक गेला. शांतता झाली, तेव्हा शांततेबद्दल मागितली. मग मी उठले. उपकरण माझं होतं, तेव्हा जबाबदारीही माझीच. मी मावशीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पंचेचाळीस अंशांत, नियमाप्रमाणे तीन सेकंद, वाकले. (माझ्या वाकण्याचा ट्रॅकशी संबंध नव्हता, पण मी वाकल्यावर मावशी वाकली.)

तिघं वाकलेले असताना मी खालच्या खाली म्हटलं, "मावशी, तू वाकू नकोस."

"तुम्ही दोघं वाकलेले आणि मी ताठ? मी काय सम्राज्ञी आहे?"

"तू वाकलीस की गाणं चालू होतं."

"मग बंद कशाने होतं?"

"परत वाकलीस की."

"मग वाकतेच आहे की मी. तुझं हे यंत्र माणसाला ताठ उभं राहू देईल तर शपथ."

पलीकडून निइकुरासाहेबांचा आवाज आला, "आपण नक्की कशाची माफी मागतो आहोत, तेवढं कुणी सांगेल का?"

मावशीच्या हातातला माइक चालू होता. त्रेसष्ट पाहुण्यांनी हे ऐकलं. कुणी कुणी जेवणाच्या काड्या खाली ठेवून हसायला लागलं, आणि ओबानाई आजी पुन्हा उभ्या राहिल्या. त्या काय करणार हे मला कळलं. मी मावशीच्या मागे गेले आणि कमरपट्ट्यातून सेन्सर ओढून काढला आणि मग त्याची वायर उपटली. यंत्रातली शेवटची नोंद नव्वद अंशांची आहे. ती मावशीची नाही, तो सेन्सर माझ्या हातात आडवा झाल्याचा कोन आहे. आजींपासून तोवरच्या नोंदी चौदा. उरलेली पंचवीस मिनिटं मी मिक्सरवर हाताने काम केलं. "शेवटची बोट" दुसऱ्या कडव्यापासून परत घेतलं, तिसरं कडवं झालं, पुढची चार गाणी झाली. त्यात नोंदवण्यासारखं काही नाही.

कार्यक्रमानंतर निइकुरासाहेबांनी आम्हाला खोलीत बोलावून चहा दिला. पाहुणे खूश आहेत, ते म्हणाले. पाच जणांनी काउंटरवर विचारलं की लाटांचा कार्यक्रम पुन्हा केव्हा आहे. हिवाळ्यात आठवड्याचे तीन दिवस द्यायला त्यांची हरकत नाही. फक्त यंत्र नको. यंत्र चुकतं याला त्यांचा आक्षेप नव्हता, माणूसही चुकतो. "पण यंत्र चुकलं तर माफी कोण मागणार? टेबलाशी एक जबाबदार माणूस बसलेला पाहिजे, पाहुण्यांना दिसेल असा. काही झालं की त्याने उठावं, वाकावं, आणि विषय संपावा." मी म्हटलं, मी वाकले होते. ते म्हणाले, "हो. अगदी बरोबर वाकलात. पण पाहुण्यांना जरा भीती वाटली." मावशी चहात बघत राहिली. तिच्या खांद्यांवरून मला वाटतं ती हसत होती, पण कोनावरून खात्री देता येत नाही. मी आठवड्यात तीन दिवस रजा घेऊ शकत नाही हेही आहेच. तेव्हा त्यांना त्या माणसाचं नाव हवं आहे. नाव मिळालं तर करार, नाहीतर कॅराओके.

एवढाच अहवाल. निष्कर्ष असा की चढ-उताराचं तंत्र निर्दोष होतं, परिस्थितीचा अभ्यास अपुरा पडला. तुमच्याकडून कुठल्याही कार्यवाहीची अपेक्षा नाही. उत्तराची घाई नाही. लोकरीचे मोजे घालावेत, बागेत ओल्या गवतावर नुसत्या पायाने हिंडू नये, आणि त्या घरच्या सर्व थोरांना माझा नमस्कार सांगावा.

तुमची,
फुमिका

ता. क. १: वर "उत्तराची घाई नाही" असं लिहिलं ते सौजन्य म्हणून. निइकुरासाहेबांना नाव वीस तारखेपर्यंत द्यायचं आहे. फॉर्मवर "जबाबदार व्यक्ती" अशी एक ओळ आहे, तिथे मी तुमचं नाव लिहिलं आहे. पेन्सिलने. तुम्ही मावशीशी बोलावं अशी अट नाही. टेबल मंचापासून चार पावलांवर आहे आणि गाणं चालू असताना कुणी कुणाशी बोलत नाही.

ता. क. २: अहवालात एक गोष्ट गाळली होती. आमच्याकडे अपुरा अहवाल खोट्यात धरतात, म्हणून लिहिते. गुरुवारी तिसऱ्या कडव्यात "थांब" जवळ आला तेव्हा मिक्सरची सरकती कळ माझ्या बोटाखाली होती. मावशीने श्वास घेतला तो मला चार पावलांवरून ऐकू आला, आणि तो पुरणार नव्हता. मी कळ वर नेली. तीन डेसिबल. ठरवून नेली नाही. जूनमध्ये आलेख काढण्याआधी मी तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं, की हे का करता. विचारलं नाही. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. हे मावशीला कळू देऊ नये.

ता. क. ३: पत्र काल पाकिटात घालायचं राहिलं, आज रविवार. मावशीने सकाळी गुरुवारचं मुद्रण कानांना लावून ऐकलं. मी मुळा किसत होते. "थांब" आल्यावर तिने थांबवलं, मागे नेलं, परत ऐकलं. असं तीन वेळा. मला वाटलं, आता माझीही पिशवी भरायची वेळ आली. ती म्हणाली, "हे तूच केलंस ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "उडी मारलीस. शेंबड्या पोरालाही कळेल. ह्यांचा हात वर जायचा तो चार वर्षं माझा मला कळला नाही. न्यायचाच असेल तर ज्याला नेता येतो त्याने न्यावा." मग तिने फ्रिजवरचं बसचं वेळापत्रक काढलं, भिंग घेऊन बराच वेळ वाचलं, आणि मला सांगितलं की स्टेशनवरची दोन दहाची बस डिसेंबरपासून बंद असते, एक चाळीसची चालू असते, आणि हे पत्रात लिही. पत्र कुणाला लिहिते आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं.